बर्फाच्या कारखान्यात तू रोज हजर

सुध्या, तू गेल्यानंतर वयाने एक वर्ष मोठा झालास. हे तुला सांगायलाच हवं, कारण हा सगळा तुझाच उद्योग आहे. नेहमीप्रमाणे पसारा मांडून तू निघून गेलास आणि आवरायला राहिले मी.

दाऊदभाई घरी आले तेव्हा आपल्याकडे भेटायला येणाऱ्यांची रीघ अजून चालू होती. माणसं येत, आईजवळ बसत, कावीळ अंगावर काढू नये असं एकमेकांना बजावत आणि चहा घेऊन जात. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, की अहो, हे त्याला सांगायचं होतं. दाऊदभाईंनी मात्र चहाही घेतला नाही. मिरकरवाड्याच्या अर्ध्या बंदराला बर्फ पुरवणारा, लिलावाच्या गोंगाटात एका हाकेत ट्रक थांबवणारा माणूस, पडवीच्या कडेला बसून आपल्याच चपलांकडे बघत राहिला. शेवटी म्हणाले, "बाय, वाईट वाटून घेऊ नको. मशीन रोज सकाळी सुधीरचं नाव घेतंय. हजर म्हणून सांगतंय. इतके दिस आम्ही गप बसलो. पन काल त्याचं वय पन वाढवलंन. आता मानसं केबिनीत पाय ठेवत नाय."

मी म्हटलं, "दाऊदभाई, ते नमुन्याचं नाव आहे. कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममध्ये राहून गेलंय. मी येऊन बघते."

हे मी अगदी वर्गात बोलते तशा आवाजात बोलले. पण आत आई तांदूळ पाखडत होती, त्या सुपाचा आवाज थांबला होता.

दुसऱ्या दिवशी शाळेतून परस्पर मी मिरकरवाड्याला गेले. तुझ्याबरोबर किती वेळा गेले असेन, पण एकटी कधीच गेले नव्हते. बाहेर अंगाची काहिली करणारं ऊन, माशांचा वास, जाळी विणणाऱ्यांची बडबड. आणि कारखान्याचं दार ढकललं की एकदम थंडगार. आत जमिनीवर धुकं साचलेलं. बर्फाच्या लाद्या ओढताना होणारा तो खरखर आवाज तेवढा येतो, ओढणारा दिसत नाही. तू म्हणायचास, की वातानुकूलित खोलीवर खर्च करायला नको म्हणून दाऊदभाईंनी मशीनच बर्फात आणून ठेवलंय. केबिनीच्या दाराशी कामगारांनी लिंबू ठेवलं होतं. मी ते ओलांडून आत गेले. दाऊदभाई दारातच थांबले.

मशीन चालू केलं. त्याने तारीख विचारली. मी टाकली. मग काळ्या पडद्यावर पिवळ्या रोमन अक्षरांत तू आलास. आधी नाव, मग वय, मग तिसऱ्या ओळीत 'हजर'. आणि तुझ्या मागोमाग एकेक बोट, ती चालवणारा तांडेल, तिचे खलाशी, कोणाला किती लाद्या द्यायच्या ते सगळं.

वय पस्तीस होतं. तू चौतिसाव्या वर्षी गेलास, सुध्या.

"बघितलंस?" दाऊदभाई दारातून म्हणाले.

मला ठाऊक होतं ते कसं झालं. आपण दोघांनी मिळूनच ते केलं होतं. तरी मी खुर्ची जरा मागे ओढली.

तू मुंबईची नोकरी सोडून मशीन घेऊन परत आलास, तेव्हा सगळ्या रत्नागिरीने तुला वेड्यात काढलं होतं. इथून माणसं मुंबईला जातात, तिथून मनिऑर्डरी येतात. माणूस आणि मशीन दोन्ही परत आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. स्टेशनरीच्या दुकानावरच्या खोलीत तू कॉम्प्युटरचा क्लास काढलास. विद्यार्थी आले दोन-तीन, आणि एक मी. चाळिशीला आलेली, शाळेत भूमिती शिकवणारी, धाकट्या भावाच्या पुढ्यात पाटी घेऊन बसलेली. मित्राने मुंबईहून पाठवलेले झेरॉक्स तू मला वाचायला द्यायचास आणि मला समजलं नाही की खूश व्हायचास. मला समजलं की अजून खूश व्हायचास, हेही खरं.

त्या झेरॉक्समधली नवी भाषा आपल्या डोक्यात भिनली. सी ही भाषा तुला येत होतीच, ही तिची धाकटी बहीण. तिच्यात प्रत्येक गोष्ट म्हणजे एक ऑब्जेक्ट. बोट हा ऑब्जेक्ट, तांडेल हा ऑब्जेक्ट, प्रत्येकाला स्वतःची माहिती आणि स्वतःचं वागणं. मशीनच्या आठवणीत ते सगळे एकमेकांचा हात धरून उभे असतात आणि वीज गेली की एका क्षणात कुणीच नसतं. आपल्याकडे वीज तर पाहुण्यासारखी, कधी येईल आणि कधी उठून जाईल ते तिचं तिला माहीत. म्हणून त्यांना एकामागे एक ओळीने डिस्कवर उतरवायचं, आणि वीज आली की त्याच ओळीने पुन्हा उभं करायचं. पुस्तकात त्याला सिरियलाइझ करणं म्हणत होते. आपण त्याला आगोट म्हणायला लागलो. पावसाळ्याआधी घरात सुकी मासळी, मीठ, चिंच भरून ठेवतात, तशी आपली आगोट डिस्कवर.

आणि आगोट भरायची ती तुझी बरणी. काय कौतुक होतं तुला तिचं! मी साधेपणाने प्रत्येक वर्गाला, म्हणजे ऑब्जेक्टच्या प्रत्येक जातीला, स्वतःला कसं उतरवायचं ते वेगवेगळं लिहीत होते. बोटीचं वेगळं, तांडेलाचं वेगळं. तू हसायचास. "ताई, तू दर लोणच्याला नवी बरणी घडवतेस. मी एकच घडवणार. आत काय भरायचं ती जागा रिकामी ठेवणार. आंबा घाल, मिरची घाल, बरणीला काय त्याचं?" आपलं लिहिणं मशीनला समजेल असं करून देणाऱ्या कंपायलरला ही असली रिकाम्या जागेची सोय ठाऊकच नव्हती. मग तू मॅक्रो, म्हणजे शब्दाच्या जागी शब्द बसवणारी युक्ती, वापरून तिचं सोंग आणलंस. एकच वर्ग लिहायचा आणि 'बरणी, बोटीची', 'बरणी, तांडेलाची' असं सांगितलं की तीच बरणी तो माल भरायला तयार. पहिल्यांदा ते चाललं, तेव्हा तू खुर्चीवरून उठून खोलीभर नाचलास आणि खालून दुकानदाराने छताला काठी ठोकली. मलाही ते सुंदर वाटलं होतं. तुझ्यासमोर कबूल केलं नाही, कारण तू आधीच हवेत होतास.

मी फक्त एकच म्हणत होते, की बरणीवर चिठ्ठी लाव. आत काय आहे त्याचं नाव आधी डिस्कवर लिही, मग माल लिही.

"चिठ्ठी कशाला? उगीच जागा जाते. काढणाऱ्याला माहीत असतं आपण काय भरलंय ते."

"आणि काढणारा दुसराच कुणी असला तर?"

"दुसरा कोण येतोय इथे मरायला?" तू म्हणालास आणि चहा मागवलास. तो वाद आपण किती वेळा घातला असेल! कधी जेवताना, कधी भाट्याच्या खाडीवर वाऱ्यात ओरडून. आई म्हणायची, तुम्ही दोघं बरणीवरून भांडताय तर दोन बरण्या आणा. मिटला नाहीच तो. कावीळ झाल्यावर तू पडून होतास, डोळे पिवळेधम्मक, तेव्हाही मी उसाचा रस घेऊन आले तर म्हणालास, "चिठ्ठीचं अजून डोक्यात आहे ना तुझ्या?" मी म्हटलं, बरा हो, मग दाखवते तुला.

दाऊदभाईंचं काम ही आपली पहिली खरी आगोट. आणि तिथे तुझ्या बरणीने पहिल्याच सकाळी बोटींचे तांडेल बदलले, आठवतंय? कोण कोणाच्या बोटीवर आहे ते तू मशीनच्या आठवणीतल्या पत्त्याने लिहिलं होतंस. वीज जाऊन आली की तो पत्ता कुणा भलत्याचाच. दाऊदभाईंच्या स्वतःच्या बोटीवर त्यांचाच व्याही तांडेल म्हणून आला आणि सगळा कारखाना पोट धरून हसला, कारण ते दोघे एका पंगतीत बसत नव्हते. मग तू पत्ते टाकून दिलेस आणि क्रम धरलास. ओळीत कोण कितवा ते लिहायचं. पत्ता बदलतो, क्रम बदलत नाही.

आणि क्रमात पहिला कोण? तूच. आपली रीतच होती ती. जो वर्ग लिहील, त्याने नमुना म्हणून स्वतःला आत घालून बघायचं. मी एकदा स्वतःला बोट म्हणून भरलं होतं, तर तू आठवडाभर मला 'डिझेल भरलंस का' विचारत होतास. तू माणसाचा वर्ग लिहिलास आणि स्वतःला भरलंस. नाव, जन्मतारीख, आणि उभा राहिला की पडद्यावर 'हजर'. मी म्हटलं, दाऊदभाईंकडे बसवायच्या आधी तो नमुना काढ. तू म्हणालास, नंतर काढू. पुढे सगळ्या बोटी, सगळे तांडेल तुझ्यापासून मोजले गेले. तू एक, पहिली बोट दोन. प्रत्येकाचं प्रत्येकाशी असलेलं नातं तुझ्यापासूनच्या अंतरावर. कारखान्याचा सगळा संसार तुझ्या पाठीला बांधलेला आणि तू नुसता नमुना!

वयाचंही तसंच. मी म्हणत होते, की वय साठव. तू म्हणालास, "वय ही माहिती नाही, ते वागणं आहे. जन्मतारीख साठवायची. माणूस उठला की आजची तारीख बघून त्याचं वय त्याने सांगायचं. डिस्कवर फक्त माहिती जाते ताई, वागणं जात नाही. वागणं प्रोग्रॅममध्ये वाट बघत असतं." तुझ्या वाढदिवसाच्या सकाळी दाऊदभाईंनी रोजच्यासारखी तारीख टाकली, तू उठलास, तारीख बघितलीस आणि वय सांगितलंस. घरी त्या दिवशी कुणी वाढदिवसाचं नावही काढलं नव्हतं. आईने शिऱ्यासाठी रव्याचा डबा उघडला आणि तसाच बंद केला, तेवढंच.

मिरकरवाड्याहून मी परत आले तर आई पायरीवर बसली होती.

"तो तिथं अडकलाय गो," ती म्हणाली.

"आई, ते नुसतं नाव आहे. दारावर पाटी असते तसं."

"पाटीवरचं नाव वय वाढवतं काय?"

मी पिशवी खाली ठेवून तिच्या शेजारी बसले.

"महिन्याच्या तिथीला त्याचं पान मांडायचं," आई म्हणाली. "रोज सकाली त्याला हाक मारून उठवतात आनि तो हजर म्हनतो. हजर असलेल्याचं पान मी कसं मांडू? झोपू दे गो माज्या पोराला. तू आधी त्याला तिथून मोकला कर, मग मी मासिकाला बसेन. नायतर नाय."

तिला ऑब्जेक्ट कळत नव्हता, क्रम कळत नव्हता. पण तिने जे मांडलं होतं त्यात मला चूक सापडेना. मी म्हटलं, करते. आणि त्याच क्षणी मला कळलं, की मला ते करायचं नाहीये. तू गेल्यावर सगळ्या घरातून तुझ्या वस्तू हळूहळू आत जाऊ लागल्या होत्या. चपला माळ्यावर, शर्ट ट्रंकेत, पुस्तकं गोणपाटात. एका जागी तू अजून रोज सकाळी पहिला होतास, आणि तिथूनच मला तुला काढायचं होतं.

तरी मी गेले. रविवार होता, बंदर थोडं निवांत. आधी मी सोपा मार्ग धरला. डिस्कची एक नक्कल केली आणि नकलेतून तुझा भाग कापून टाकला. म्हटलं, ओळ एका घराने पुढे सरकेल, मग क्रम दुरुस्त करू. प्रोग्रॅम चालवला. तारीख टाकली. तुझ्या बरणीला माहीतच नव्हतं की पहिल्या जागी आता माणूस नाही, बोट आहे. चिठ्ठी नव्हती ना. तिने बोट उचलली आणि माणूस म्हणून उभी केली. नावाच्या जागी बोटीचं नाव. जन्मतारखेच्या जागी कुठल्या तरी लाद्यांचे आकडे पडले असणार, कारण वय आलं ते उणे. आणि खाली 'हजर'.

सुध्या, मी गणिताची बाई. उणे आकड्याला मी कधी घाबरले नाही. पण त्या थंड केबिनीत, अजून जन्माला न आलेला कुणीतरी माझ्यासमोर उभा राहून हजर म्हणाला, आणि मी हात लांबवून मशीनचं बटणच बंद केलं. बाहेर लादी ओढल्याचा आवाज आला आणि थांबला. दाऊदभाई दारातून म्हणाले, "काय झालं बाय? दुसरा कोन आला?" मी म्हटलं, "कुणी नाही." त्यांनी न विचारता चहा आणून दिला.

चहा पिऊन मी पुन्हा मूळ डिस्क लावली. तू आलास. पस्तीस, हजर. खरं सांगते, तुला बघून जीव भांड्यात पडला. मग मी जे केलं ते आईला सांगितलेलं नाही. दाऊदभाई नमाजाला गेले होते. मी मशीन बंद करून चालू केलं आणि पुढच्या वर्षीची तारीख टाकली. छत्तीस, हजर. मग पंच्याण्णव साल टाकलं. चाळीस. चव्वेचाळीस. तू रोज सकाळी उठून, दाढी खाजवत, माझ्याशी वाद घालत पुढे निघालास असं मला दिसायला लागलं. दोन हजार साल टाकलं. लोक म्हणतात तोवर कोकणात रेल्वे येईल. तूही आलास. मग दोन हजार वीस. तू पासष्ट. माझे केस पिकलेले असतील, नाहीतर मीही नसेन. तू मात्र हजर. मी तुला विचारलं, मोठ्याने विचारलं, "गुडघे दुखतात का रे?" पडदा तसाच. मशीनला एवढंच येत होतं. तू त्याला तेवढंच शिकवलं होतंस.

मग मागे जायचं मनात आलं. तू कॉलेजात असतानाची, बाबा होते तेव्हाची, तू पाळण्यात होतास आणि मी झोका देत होते तेव्हाची तारीख. मशीनने घेतली नाही. ऐंशी सालाच्या मागे ते जातच नाही, त्याच्या मते त्याआधी दिवस नव्हतेच. पुढे हवं तितकं जा. न जगलेली वर्षं हवी तेवढी देतं, जगलेली मात्र देत नाही. तेव्हा मी टेबलावर डोकं टेकून रडले. घरी रडता येत नाही, आई बघत असते.

दाऊदभाई परत आले तेव्हा मी आजची तारीख टाकून बसले होते. ते म्हणाले, "बाय, राहू दे नको तर. मानसांना मी समजावीन." भल्या मनाने म्हणाले. पण मी तुला पासष्ट वर्षांचा झालेला बघितलं होतं आणि आईचं म्हणणं मला आता पटलं होतं. जो म्हातारा होत जातो आणि एक शब्द बोलू शकत नाही, त्याला रोज सकाळी उठवणं बरं नाही.

मी नवी बरणी लिहिली. शाळा सुटली की क्लासच्या खोलीत बसून, तुझ्या खुर्चीत नाही, माझ्या. तुझी रिकामी जागा तशीच ठेवली, ती सुंदरच होती. पण प्रत्येक मालाआधी त्याच्या वर्गाचं नाव लिहिलं जाईल असं केलं. ओळीच्या तोंडाशी कुणी माणूस नको म्हणून एक कोरा मथळा केला. आपला वाद मी जिंकले म्हणायचा. जिंकल्यावर मी सवयीने मागे वळून बघितलं. तू असतास तर म्हणाला असतास, जागा किती खाल्लीस ते बघ आधी. खाल्लीच होती.

आता उरलं ते एवढंच. जुन्या बरणीतून सगळ्यांना उभं करायचं, तुझ्या पाठीवरची गाठ सोडून पहिली बोट मथळ्याला बांधायची, सगळे नव्या क्रमाने उतरवायचे आणि मग तुला आठवणीतून काढायचं. त्या भाषेत प्रत्येक वर्गाला दोन कामं द्यायची असतात. ऑब्जेक्ट येताना काय करायचं आणि जाताना काय करायचं. येतानाचं मला पाठ होतं, ते रोज पडद्यावर दिसत होतं. जातानाचं बघायला मी तुझा माणसाचा वर्ग उघडला. तू कंस उघडला होतास आणि बंद केला होतास. मध्ये काही नव्हतं. तुला कधी लागलंच नव्हतं ते. नमुना कधी काढलाच नाहीस.

त्या रिकाम्या कंसाकडे मी फार वेळ बघत बसले. दवाखान्यातही तसंच झालं होतं. शेवटच्या दिवशी तू शुद्धीवर नव्हतास. आई उशाशी वाकून 'सुध्या, सुध्या' करत होती आणि तू काही न बोलता गेलास. ती अजून शेजारणीला विचारते, की माझ्याकडे बघितलंन तरी असेल काय. बडबड्या तू, दारातून बाहेर पडताना सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडणारा, आणि त्या वेळी एक अक्षर नाही.

मी त्या कंसात एक ओळ लिहिली. मला विचारायला तू नव्हतास. असतास तर नक्की म्हणाला असतास, की हे माझं वागणं नाही ताई, हे तू लिहिलेलं आहे. असेल. पण नाव तुझं होतं, जन्म तुझा होता, आणि ती ओळ तूच रोज घरातून निघताना बोलायचास.

तिथीच्या आदल्या दिवशी सकाळी मी मिरकरवाड्याला गेले. कामगार केबिनीबाहेर धुक्यात उभे होते, कुणी पुढे येईना. दाऊदभाई मात्र या वेळी आत आले आणि माझ्यामागे उभे राहिले. तारीख टाकली. तू आलास. पस्तीस, हजर. मागून बोटी आल्या, तांडेल आले, सगळे आपापल्या जागी. मी त्यांना एकेक करून नव्या डिस्कवर उतरवलं. डिस्क घरघरत होती. सगळे गेले आणि आठवणीत तू एकटा राहिलास. मी बटणावर बोट ठेवलं आणि थोडा वेळ तसंच ठेवलं. दाऊदभाई हळूच काहीतरी पुटपुटले, त्यांची प्रार्थना असावी. मी बटण दाबलं.

पडद्यावर एक ओळ आली, आणि मग काहीच नाही. मी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. तारीख विचारली, टाकली. पहिली बोट आली, तिचा तांडेल आला. दाऊदभाईंनी कामगारांना हाक मारली आणि एक जण आत येऊन लाद्यांचं विचारू लागला.

घरी आले तर आई पायरीवरच होती. मी चपला काढल्या, पाय धुतले. ती बघत होती.

"गेला?"

"गेला."

तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं आता रडेल. पण रडली नाही. खाली बघत विचारलंन, "जाताना काय बोलला काय गो?"

"हो," मी म्हटलं. "आई, निघालो, म्हणाला."

तिने मान हलवली. मग उठली, कोयती घेतली आणि परसातल्या केळीचं पान आणायला गेली.